एक टक्का मोठं घड्याळ

ज्या घरात मी तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या घरात लाकडाची एकही वस्तू धड काटकोनात नव्हती. मांडणीच्या फळ्या भिंतीकडं जाड आणि पुढं किंचित निमुळत्या होत्या. देव्हाऱ्याचे आतले कोपरे गोलसर भरून घेतलेले होते. पोळपाटाची कड वरून खाली तिरपी उतरत होती. लाटणं एका टोकाला दुसऱ्या टोकापेक्षा सुतभर बारीक होतं, त्यामुळं लाटताना पोळी आपोआप फिरायची, पण नेहमी एकाच बाजूला.

हे सगळं घरमालकांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. त्यांना काटकोन जमत नव्हता असं नाही. चाळीस वर्षं ते, आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत, पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत बिडाचं वितळलेलं लोखंड ओतण्याआधी वाळूचा साचा करावा लागतो. ज्या लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून तो साचा करतात, त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. वाळू न मोडता पॅटर्न अलगद वर निघायला हवा, म्हणून त्याच्या उभ्या बाजू थोड्या तिरप्या ठेवतात. कोपरे गोल ठेवतात, कारण धारदार कोपऱ्यात बीड तडकतं. मालकांनी हे दोन्ही नियम घरच्या पोळपाटालाही लावले होते. पोळपाट वाळूत कोण घालणार आहे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला.

"घालणार कोण न्हाय," ते म्हणाले. "पण घातलाच, तर निघंल."

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणत असे. काकू मधल्या खोलीत ब्लाउज शिवत आणि इथल्या बऱ्याच बायकांसारखं स्वतःबद्दल 'मी आलो, मी बसलो' असं बोलत. मिस्त्री मला पहिले आठ महिने 'पावणं' म्हणत होते. नंतर 'ताई' झालं. मी एका दैनिकात उपसंपादक होते, काम दुपारी सुरू व्हायचं आणि सकाळ रिकामी असायची. मिस्त्री सकाळीच काम करत. ओळख वाढायला एवढं कारण पुरलं.

माणसांबद्दलही ते वाळूच्याच भाषेत बोलत. एखाद्याशी पहिल्यांदा बोलणं झालं की तो गेल्यावर निकाल यायचा: 'सुटंल' किंवा 'न्हाय सुटायचा'. म्हणजे हा माणूस साच्यातून सरळ बाहेर येईल, की येताना आजूबाजूचं सगळं मोडून येईल. वॉर्डातून उभा राहिलेला उमेदवार सुटणार नव्हता. गॅसची टाकी आणणारा सुटायचा. माझ्याबद्दलचा निकाल त्यांनी बराच काळ राखून ठेवला होता. काकूंनी तो एकदा परस्पर सांगून टाकला: "तुमी सुटाल म्हनत्यात, पर सावकाश."

त्यांच्या शर्टाच्या खिशात फूटभर लांब स्टीलची पट्टी कायम असायची, अर्धी बाहेर. बाजारातून दुधी आणला की आधी तो मोजायचा. दारात कुणाची नवी मोटारसायकल आली की हँडलची रुंदी घ्यायची. मी राहायला आले त्या आठवड्यात माझ्या खिडकीसाठी पडद्याचा रॉड आणायचा होता. माप मिस्त्रींनी स्वतः घेतलं, कागदावर लिहून दिलं, आणि दुकानातून कापून आणलेला रॉड सेंटीमीटरभर आखूड पडला. ते दुकानात गेले आणि दुकानदाराला त्याची टेप खोटी असल्याचं सांगून आले. दुकानदारानं दुसरी टेप लावली. मिस्त्रींच्या मते तीही खोटी होती. शेवटी मी खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठोकून घेतले. तुकडे अर्थातच निमुळते होते.

एकदा भाजी घेऊन येताना ते शेतीपंपांच्या दुकानासमोर थांबले. फुटपाथवर मांडलेल्या एका पंपाजवळ बसून त्यांनी त्याच्या तोंडातून आत हात घातला आणि बोटांनी आतला वळसा चाचपला. दुकानदार बाहेर आला, काय पाहिजे म्हणून विचारू लागला. काही नको, बरा आहे का बघतोय, असं त्यांनी सांगितलं. त्या पंपाचा पॅटर्न त्यांनी केलेला होता. पंपावर कंपनीचं नाव होतं, ओतणारी फौंड्री वेगळी होती, आणि मूळ आकार ज्याच्या हातचा होता तो मेथीची पेंडी काखेत घेऊन बसला होता. घरी हे सांगितल्यावर काकू शिलाई न थांबवता म्हणाल्या, "साडीचोळी करा की मग पंपाला. किती दिसानं गाठ पडली."

घड्याळ करायचं कुठून सुचलं, हे मला मिस्त्रींनी नव्हे, काकूंनी सांगितलं. निवृत्तीनंतर कसल्याशा कागदावर सही घ्यायला मिस्त्री फौंड्रीत गेले होते. तोपर्यंत तिथं पॅटर्न संगणकावर काढून मशीनवर कापायला लागले होते. जुने लाकडी पॅटर्न माळ्यावरून उतरवले होते आणि कँटीनच्या चुलीला लागत होते. त्यांत एका व्हॉल्व्हचा पॅटर्न होता, ज्याला मिस्त्रींनी तीन आठवडे दिले होते. ओळखीच्या वॉचमननं एखादा घरी न्या म्हणून सुचवलं. मिस्त्रींनी नेला नाही. पॅटर्न ही काही वस्तू नव्हे, घरात ठेवून करायचं काय, असं त्यांनी त्याला सांगितलं. ज्यापासून दुसरं काहीतरी होतं, ते स्वतः काहीच नसतं. पण घरी येऊन ते जेवले नाहीत. हात धुताना त्यांच्या ध्यानात आलं होतं की चाळीस वर्षं लाकूडकाम करून, चार फळ्या आणि एक पोळपाट सोडला तर, आपल्या हातची म्हणावी अशी एकही वस्तू जगात नाही. मरायच्या आत एक करायची, असं त्यांनी त्या दिवशी काकूंना सांगितलं.

मी त्यांना एवढंच विचारलं होतं की घड्याळच का. खुर्ची का नाही, कपाट का नाही.

"खुर्ची वाईट केली तरी मानूस बसतोय की तिच्यावर," ते म्हणाले. "घड्याळ वाईट झालं तर ते सोता सांगतंय."

म्हणून घड्याळ. तेही भिंतीवरचं नव्हे. जमिनीवर उभं राहणारं, साडेसहा फुटी, आतली चाकंसुद्धा लाकडाची. लोखंड फक्त आस, काही खिळे आणि खाली टांगायचं वजन एवढ्यापुरतं. लाकूड फणसाचं. चंदगडला त्यांच्या बहिणीच्या घरामागच्या परड्यातला जुना फणस वाऱ्यानं पडला होता. मिस्त्री तिकडं जाऊन चार दिवस राहिले, खोड समोर चिरून घेतलं आणि फळ्या तिकडून येणाऱ्या काजूच्या टेम्पोतून आणल्या. दोन वर्षं त्या खाटेखाली वाळत होत्या. त्या काळात काकूंना फणसाच्या गऱ्यांचा वास झोपेतही यायचा म्हणे. मी राहायला आले, तेव्हा फळ्या खाटेखालून निघून पुढच्या खोलीत भिंतीला टेकल्या होत्या. मधल्या खोलीत दार आणि खिडकी यांच्यामधली भिंत काकूंनी मोकळी करून ठेवली होती. शोकेस होतं ते त्यांनी भाचीला देऊन टाकलं होतं.

पुढची खोली, जिथं गल्लीतले इतर लोक मोटारसायकल लावत, ती मिस्त्रींचं वर्कशॉप होती. एक जाड बाक, त्याला लाकूड आवळून धरायचा शिकंजा, भिंतीवर पटाश्या आणि रंधे, खिडकीत हाताएवढं लेथ. उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. तो वाढत जाणार, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मिस्त्रींनी त्यावर वेळापत्रक बसवलं. सकाळी आठ ते दहा हात सर्वांत स्थिर असतो आणि चहानं तो बिघडतो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून दहापर्यंत चहा बंद. दाते कापायचे ते याच दोन तासांत. दहानंतर पॉलिश पेपर घासणं, सरस लावणं, असली कामं.

एका चाकाला चौसष्ट दाते, दुसऱ्याला साठ, शेवटच्याला तीस. हे आकडे त्यांनी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कागदावर लिहून आणले होते. तो कागद खिळ्याला अडकवलेला असायचा. त्यावर लंबकाची लांबीही होती, नव्व्याण्णव पूर्णांक चार सेंटीमीटर. एवढा लांब लंबक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेतो. साठ दात्यांचं चाक त्यांनी दोनदा केलं. पहिलं एकोणसाठाव्या दात्याला गेलं. मी दारात उभी होते. पटाशी किंचित घसरली, मागचा दाता उडाला आणि बाकाखाली गेला. मिस्त्रींनी पटाशी पुसून जागेवर ठेवली, चाक खिडकीत ठेवलं आणि आत जाऊन पावणेदहालाच चहा मागितला. ते चाक पुढं दळणाच्या डब्याचं झाकण झालं.

घड्याळ सुरू झालं ते दसऱ्याला, पुढच्या खोलीतच. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली होती आणि सगळ्या पटाश्यांवर हळदीकुंकवाचे ठिपके होते. गल्लीतले सात-आठ जण आले होते. काकूंनी घड्याळाच्या दारालाही कुंकू लावलं. मिस्त्रींनी वजन वर ओढलं आणि लंबकाला बोटानं ढकललं. लाकडी चाकांचा आवाज धातूच्या घड्याळासारखा नसतो. टिकटिक नव्हे, कुणीतरी शेजारच्या खोलीत सावकाश सुपारी फोडतंय असा तो आवाज होता. लोक थोडा वेळ उभे राहिले, सोनं दिलं, पेढे खाल्ले. एकानं विचारलं की आता याला सेल किती लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ सात मिनिटं मागं होतं. तिसऱ्या दिवशी चौदा.

एवढं होणार हे मिस्त्रींनी धरलेलं होतं. लंबकाच्या खाली एक नट असतो. तो फिरवला की दांडीवरचा गोळा वर सरकतो, लंबक आखूड होतो आणि घड्याळ जोरात चालतं. त्यांनी नट फिरवत नेला. आटे मुळात थोडेच पाडले होते, कारण आपल्या मापात मोठी चूक निघणार नाही याची त्यांना खात्री होती. नट टोकाला लागला. सात मिनिटांची चार मिनिटं झाली. पुढं सरकायला जागा उरली नाही.

पुढचे दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. चाकं घासत असतील म्हणून त्यांनी यंत्र तीनदा उतरवलं. आस बदलले. थंडीत लाकूड सुकलं असेल म्हणून आठ दिवस थांबून पाहिलं. रोज सकाळी काकूंच्या मोबाइलशी ताळा व्हायचा आणि रोज तीच चार मिनिटं निघायची. गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. कागदावर नव्व्याण्णव पूर्णांक चार लिहिलं होतं. नट वर नेल्यावर मिस्त्रींच्या पट्टीनं लंबक नव्व्याण्णव भरत होता, म्हणजे पाहिजे त्याहून आखूड. घड्याळ पुढं जायला हवं होतं, आणि ते मागं पडत होतं. कागद लिहून देणाऱ्याला त्यांनी घरी बोलावलं. तो तासभर बघत बसला. शेवटी म्हणाला की लंबकाचा वेग पृथ्वीच्या ओढीवर असतो आणि ती जागोजागी थोडी बदलते.

"कोल्हापुरात कमी हाय व्हय ओढ?" मिस्त्रींनी विचारलं.

"माजं वजन बगा," आतून काकू म्हणाल्या, "हाय का कमी."

उत्तर त्याच आठवड्यात सापडलं. डिसेंबरातली सकाळ होती, साडेनऊ वाजले असतील. मिस्त्री घड्याळाचं दार उघडून पुन्हा लंबक मोजत होते आणि पुन्हा नव्व्याण्णव म्हणत होते. काकूंच्या गळ्यात ब्लाउजची कापडी टेप होती. त्या कंटाळून उठल्या, टेपचं एक टोक वरच्या टांगणीशी धरलं आणि दुसरं गोळ्याच्या मध्यावर आणलं.

"शंभर हाय की ह्ये."

कापडी टेप ताणली जाते, असं मिस्त्री म्हणाले. ताणलेली टेप कमी दाखवेल, जास्त नाही, असं काकू म्हणाल्या. हा मुद्दा बिनतोड होता. आमच्या ऑफिसात पानजुळणीच्या काळातली एक लांब स्टीलची पट्टी पडून होती. दुसऱ्या दिवशी ती मी घेऊन आले. तिनंही शंभरच दाखवले.

मिस्त्रींनी खिशातली आपली पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी बाकावर ठेवली. शून्याला शून्य जुळवलं. पाचपर्यंत फरक डोळ्याला जाणवत नव्हता. दहाला जाणवला. तीसच्या रेघा समोरासमोर नव्हत्या, त्यांच्या पट्टीची रेघ चांगली तीन मिलिमीटर पुढं होती. मग त्यांनी आपली पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला, झिजून झिजून जवळजवळ पुसलेलं, एक टक्का असं कोरलेलं होतं.

ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मोठी केलेली असते, तिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा शंभराव्या भागानं जास्त. मिस्त्रींना हे अर्थातच ठाऊक होतं. नव्या कामगारांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवत. पण चाळीस वर्षं दुसरी पट्टी हातात आली नव्हती. पट्टीच्या मागं काय लिहिलंय ते एकदाही कसं दिसलं नाही, असं मी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पट्टीकडं कुणी बघत नसतं, पट्टीनं बघायचं असतं.

त्या सकाळी मात्र मोजणं सुरू झालं. त्यांनी माझी पट्टी घेऊन एकेक चाक मोजलं. घड्याळाची पेटी मोजली. दार, तबकडी, काटे. सगळं शंभराला एक या हिशेबानं मोठं होतं. चाकांच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. कडाही किंचित तिरप्या निघाल्या, हातानं त्या सवयीनं तशा उतरवल्या होत्या. मग ते स्टुलावर बसले.

"म्हंजे मी पॅटर्नच केला की," ते म्हणाले.

लंबक सेंटीमीटरभर कापला की झालं, हे मला सुद्धा कळत होतं. चाकं मोठी असली म्हणून वेळ चुकत नाही, दात्यांची संख्या बरोबर असली की पुरे. मी तसं म्हणाले. ते दहा मिनिटांचं काम आहे हे त्यांनी मान्य केलं आणि केलं मात्र नाही. बाकीचं कुणाला कळणार आहे, असं काकूंनी विचारलं. मला माहीत आहे, एवढंच ते म्हणाले. लंबक त्यांनी हातानं थांबवला. नवं करायचं म्हणावं, तर सकाळचे दोन तास आता तासावर आले होते.

गोष्ट फौंड्रीपर्यंत गेली. कशी गेली माहीत नाही, पण अशी गोष्ट शिरोलीत दोन दिवसांच्या वर लपत नाही. फौंड्रीच्या मालकांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे शेठ म्हणत, एका सकाळी स्वतः आले. चाळिशीचा, मोकळा माणूस होता. मिस्त्रींना ते लहानपणापासून ओळखत होते. शेठनी थांबलेलं घड्याळ चारी बाजूंनी पाहिलं, एक चाक हातात घेऊन कड न्याहाळली, आणि त्यांना मनापासून आनंद झाला. माप आकसण्यासकट धरलेलं आहे, बाजू तिरप्या आहेत, कोपरे गोल आहेत. आता वाळूत घालून बिडात ओतलं की प्रत्येक भाग बरोबर कागदावरच्या मापाचा निघेल, असं शेठ म्हणाले. आख्खं घड्याळ बिडाचं. ऑफिसच्या दारात उभं करू. त्यावर मिस्त्रींच्या नावाची पाटी लावू.

मिस्त्रींनी विचारलं की पितळ का नको. मग स्वतःच उत्तर दिलं: पितळ जास्त आकसतं, बिडातच बसेल.

"आनी हे लाकूड?"

"ते आपल्याकडं माळ्यावर राहील की, मिस्त्री. जपून ठेवतो, चुलीत नाही जाऊ द्यायचं."

मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला. वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ, पाटीवर नाव. चाळीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी टेम्पो पाठवा, असं त्यांनी सांगितलं. शेठ चहा पिऊन गेले.

काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत. त्या घरात ही घटना होती. शनिवारी सकाळी मिस्त्री यंत्र उतरवून चाकं वर्तमानपत्रावर मांडत होते आणि मी माडीवरच्या माझ्या खोलीतून पायऱ्या उतरत होते. काकू दोन खोल्यांमधल्या दारात उभ्या राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "हातचं एक घरात ऱ्हाऊ दे म्हनलासा, म्हनून तीन वर्सं गप बसलो. भित्ताड मोकळं ठेवलं. आता त्यावर काय लावू, शेठच्या ऑफिसचा फोटू?"

त्या मशीनवर जाऊन बसल्या. मिस्त्री चाकं मांडत राहिले. साठ दात्यांचं चाक त्यांनी उचललं, खिडकीकडं धरलं, परत ठेवलं. मग पुन्हा उचललं.

रविवारी सकाळी सव्वाआठला त्यांनी मधल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. "तुजी टेप दे गं जरा."

काकूंनी गळ्यातली टेप काढून दिली आणि तिथंच थांबल्या. मिस्त्रींनी लंबकाची दांडी शिकंज्यात धरली. टेपनं माप घेतलं, पेन्सिलीची बारीक खूण केली, पुन्हा माप घेतलं. उजवा हात बाकावर टेकवला. मग करवत लावली. एक सेंटीमीटरचा फणसाचा पिवळा तुकडा खाली पडला. काकूंनी तो उचलला, बोटांत फिरवून पाहिला आणि केरात टाकला. दुपारी मी कामावर निघाले, तेव्हा यंत्र पेटीत परत बसलं होतं आणि घड्याळ मोकळ्या भिंतीशी उभं होतं.

सोमवारी शेठ टेम्पोबरोबर स्वतः आले. दोन माणसं दोर आणि पोती घेऊन दारात थांबली. आत घड्याळ चालू होतं. शेठना आधी वाटलं की फक्त चाचणी चालली आहे. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं की लंबक कापला आहे, बिडात ओतला तर आता आखूड पडेल. शेठ म्हणाले, लंबक नवा करता येईल, बाकीचं न्यायला काय हरकत आहे.

"बाकीचं बी न्हाय," मिस्त्री म्हणाले. "चालतंय त्ये. चालतंय त्येला वाळूत कसं घालायचं?"

शेठना राग आला असं दिसलं नाही. साचे करणारे मोल्डर तयार ठेवले होते, पाटीचा मजकूरही लिहून आणला होता, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो त्यांच्या धंद्यात कुठलीही लाकडी वस्तू समोर आली की विचारतात.

"मग ह्याचं करायचं काय आता, मिस्त्री?"

"काय न्हाय," मिस्त्री म्हणाले. "किती वाजलं त्ये बघायचं."

शेठनी वर तबकडीकडं पाहिलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बाहीखालीच राहिलं. मग दारातल्या माणसांकडं वळून ते म्हणाले, "चला रे. अकराला धा कमी हायत. मोकळाच घ्या टेम्पो."